गेमची बातमी मराठीत लिहायची तर: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीची जेवणं उरकलेली असतात. गेमच्या बऱ्याच मोठ्या घोषणा याच सुमाराला होतात. तासाभरात इंग्रजीत त्यावर ढीगभर मजकूर पडतो, आणि सकाळी विरारच्या डब्यात मराठी वाचकाच्या हाती येतो तो एक फॉरवर्ड: ‘जीटीए ६ पुढच्या महिन्यात, किंमत फक्त अमुक’. तारीख चुकीची, किंमत कुणीतरी डॉलरला गुणून काढलेली, आणि सांगणारा कोण याचा पत्ता नाही.

त्या फॉरवर्डच्या जागी नीट बातमी लिहू पाहणाऱ्यांसाठी हे टिपण. मराठी वाचकाला गेमच्या बातमीत चार गोष्टी हव्या असतात: आपल्याकडे कधी, किती रुपयांत, कशावर चालणार, आणि हे म्हणालं कोण. पुढच्या पायऱ्या याच चार उत्तरांसाठी आहेत.

आधी जमवायचं सामान

- ज्यावर तुम्ही स्वतः खेळता ते एक यंत्र. फोन, पीसी, कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र), काहीही चालेल. पण जे हातात नाही त्यावर मत देऊ नका.
- मराठी कीबोर्ड, ज्यात ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही दोन अक्षरं सापडतात. कारण सहाव्या पायरीत.
- एक आरएसएस रीडर, म्हणजे अनेक साइटवरचा नवा मजकूर एका जागी दाखवणारं ॲप.
- एक स्प्रेडशीट. रकाने सहा: तारीख, काय, कोण म्हणालं, लिंक, भारतीय वेळ, दर्जा.
- कामापुरता वेगळा ईमेल पत्ता, स्वतःच्या नावाचा. ‘किलर’, ‘प्रो’ वगैरे शेपट्या लावलेल्या पत्त्याला कंपन्यांची पीआर माणसं उत्तर देत नाहीत.
- पॅन कार्ड आणि बँक खातं. पहिल्या दिवशी लागणार नाही, आठव्या पायरीला लागेल.

१. बीट ठरवा

बीट म्हणजे बातमीदाराचा ठरलेला विषय. सगळ्यावर लिहायला निघालेला माणूस तिसऱ्या आठवड्यात थांबतो. एक यंत्र, एक प्रकार आणि एक स्थानिक धागा निवडा. उदाहरणार्थ: अँड्रॉइड, बॅटल रॉयाल (शेवटी एकच उरेपर्यंतची लढाई), आणि मुंबई-पुण्यातले स्टुडिओ.

स्थानिक धागा दुर्मिळ नाही. लोकलमध्ये चौघांच्या मांडीवर फिरणारा लुडो किंग नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ मध्ये आणला. ‘राजी’ हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. ‘इंडस’ करणारी सुपरगेमिंगही पुण्याची. मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओने ‘मुक्ती’वर काम केलं. नझारा ही मुंबईची कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, म्हणजे तिचे तिमाही आकडे कुणालाही वाचता येतात. या कंपन्यांवर परदेशी साइट एखादा परिच्छेद लिहितात. तुम्ही तिथे लोकलने पोचू शकता आणि समोरच्याशी मराठीत बोलू शकता. ही चांगली सोय आहे, वापरा.

२. स्रोत तीन ढिगांत लावा

पहिला ढीग, ज्याचं म्हणणं त्याच्याच तोंडचं: प्लेस्टेशन ब्लॉग, एक्सबॉक्स वायर, निंटेंडोचे डायरेक्ट कार्यक्रम, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातलं गेमचं पान, स्टुडिओचं अधिकृत खातं. यातच शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे निकाल येतात, आणि नवखे नेमके तेच वाचत नाहीत. जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ६ ची तारीख २६ मे २०२६ वरून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली ते ६ नोव्हेंबर २०२५ ला, तो करणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिच्या तिमाही निकालाच्या दिवशी कळलं. निकालाच्या तारखा आधी जाहीर असतात. त्या कॅलेंडरात टाकून ठेवा.

दुसरा ढीग, नाव लावून लिहिणारे बातमीदार, ज्यांनी स्वतः चार लोकांना विचारलेलं असतं. तिसरा ढीग, ‘इनसायडर’, स्क्रीनशॉट आणि चर्चा. तिसऱ्या ढिगातून फक्त कुठे शोधायचं याचा अंदाज घ्या. त्यावर बातमी उभी करू नका.

भारतातल्या बंदीच्या बातम्यांना पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन आणि राजपत्र हेच पहिल्या ढिगातले स्रोत. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी आली तेव्हा सरकारने तसं निवेदन काढलं होतं. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतासाठीची आवृत्ती असलेला गेम, गूगल आणि ॲपलच्या दुकानातून गायब झाला त्या दिवशी मात्र हाती फक्त ‘दुकानातून काढला’ एवढंच होतं. त्या संध्याकाळी ‘बंदी’ असा मथळा देणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाला बातमी केलं. पुढे मे २०२३ मध्ये गेम परत आला. ज्यांनी ‘दुकानातून काढला’ असं लिहिलं होतं त्यांना मागचं काही दुरुस्त करावं लागलं नाही.

लिंक नोंदवताना वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती सांभाळणाऱ्या साइटवर त्या पानाची प्रत जतन करा. कंपन्या पोस्ट गुपचूप बदलतात, आणि मग बातमी खोटी होती की पान बदललं हे वाचकाला दाखवता येत नाही.

३. घड्याळ बसवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

आपली वेळ वर्षभर एकच असते. त्यांची बदलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २०२६ मध्ये त्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे दरवर्षी तीन-चार आठवडे असे येतात की एकाचं घड्याळ हललेलं असतं, दुसऱ्याचं नाही. त्या आठवड्यांत पाठ केलेला फरक वापरू नका.

भिंतीवर चिकटवायचा तक्ता (उन्हाळा म्हणजे तिकडची घड्याळं पुढे असतात तो काळ, हिवाळा म्हणजे बाकीचा):

- अमेरिकेची पॅसिफिक वेळ: उन्हाळ्यात १२ तास ३० मिनिटं मिळवा, हिवाळ्यात १३ तास ३० मिनिटं.
- अमेरिकेची ईस्टर्न वेळ: उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटं, हिवाळ्यात १० तास ३० मिनिटं.
- ब्रिटन: उन्हाळ्यात ४ तास ३० मिनिटं, हिवाळ्यात ५ तास ३० मिनिटं.
- मध्य युरोप: उन्हाळ्यात ३ तास ३० मिनिटं, हिवाळ्यात ४ तास ३० मिनिटं.
- जपान: वर्षभर ३ तास ३० मिनिटं वजा करा.

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला आला. उन्हाळी फरक मिळवला की आपले संध्याकाळचे साडेसात. बातमीत ‘गुरुवारी संध्याकाळी ७.३०’ एवढंच हवं. वाचकाला पॅसिफिकशी देणंघेणं नाही.

तारीख उलटण्याकडे लक्ष ठेवा. डिसेंबरातला द गेम अवॉर्ड्सचा सोहळा लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी होतो. तो आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, दूधवाल्याच्या वेळेला. ‘आज रात्री’ असा मथळा दिलात तर वाचक रात्रभर जागेल आणि सकाळी तुम्हालाच विचारेल.

अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. निंटेंडोच्या स्विच २ या कन्सोलची तारीख तिकडे ६/५/२०२५ अशी लिहितात. आपल्या डोळ्यांना ती ६ मे दिसते, असते ५ जून. बातमीत महिना नेहमी अक्षरांत लिहा, हा घोळच संपतो.

ऋतूंचं भाषांतर करू नका. ‘समर’ म्हणजे जून ते ऑगस्ट, आपला भर पावसाळा. ‘फॉल’ म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यात आपली ऑक्टोबर हीटही आली. ‘हॉलिडे २०२६’ म्हणजे नाताळच्या आधीचे खरेदीचे आठवडे. त्याला ‘सुट्टीत येणार’ असं लिहिलं की दादरचा वाचक मे महिना समजतो. आर्थिक वर्षाचंही तसंच. सोनी, निंटेंडो, टेक-टू यांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, मायक्रोसॉफ्टचं जुलै ते जून. ‘पहिल्या तिमाहीत’ असं सरसकट लिहू नका, महिने लिहा.

शेवटचं: पीसीवरचा गेम बहुतेक वेळा जगभर एकाच क्षणी उघडतो, तर कन्सोलवर पुष्कळदा प्रत्येक देशाच्या मध्यरात्री. एकाच गेमच्या दोन वेळा असू शकतात. दोन्ही द्या.

४. अफवा, गळती, घोषणा: शिक्का मारूनच पुढे

स्प्रेडशीटमधल्या ‘दर्जा’ या रकान्यात पाचांपैकी एकच शब्द येऊ द्या: अफवा, गळती, घोषणा, तारीख ठरली, बाजारात आला. मथळ्याचं क्रियापद या शब्दाशी जुळलंच पाहिजे. अफवेला ‘म्हणे’ किंवा ‘चर्चा’, घोषणेला ‘जाहीर केलं’, आणि ‘आला’ फक्त बाजारात आल्यावर.

‘गेम गोल्ड झाला’ या वाक्यावर पुष्कळ जण फसतात. गोल्ड म्हणजे डिस्क छापायला देण्याइतकी आवृत्ती तयार झाली, इतकंच. सायबरपंक २०७७ गोल्ड झाल्याचं ५ ऑक्टोबर २०२० ला जाहीर झालं, आणि २७ ऑक्टोबरला तोच गेम १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरवर ढकलला गेला. ‘आता नक्की’ असं लिहिणारे तीन आठवड्यांत तोंडावर पडले.

गळतीच्या बाबतीत दोन वेगळे निर्णय असतात. गळती झाली ही बातमी देता येते. गळलेला व्हिडिओ आपल्या पानावर चढवणं हे वेगळं काम आहे, ते करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये जीटीए ६ च्या अपुऱ्या कामाचे व्हिडिओ बाहेर आले, आणि रॉकस्टारने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं कबूल केलं. बातमी तीच होती. क्लिप लावणाऱ्यांच्या हाती कॉपीराइटच्या नोटिसा पडल्या.

आधीच लिहून, वेळ लावून ठेवलेला मजकूरही गळतीच्या रात्री दगा देतो. जीटीए ६ चा पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ ला आपल्या संध्याकाळी साडेसातला ठरला होता. तो आधीच फुटला, आणि रॉकस्टारने आपल्याकडच्या पहाटेच अधिकृत आवृत्ती टाकली. ज्यांचा ‘आज संध्याकाळी’वाला मजकूर सकाळी नऊला आपोआप पडला, त्यांची दिवसभर थट्टा झाली. वेळ लावून ठेवा, पण सकाळी उठल्यावर चहाआधी एकदा बघा.

५. आकडे आणि रुपये

दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री साडेअकराला सगळेच चुकतात. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी मोजलेले ६८.७ बिलियन डॉलर म्हणजे ६,८७० कोटी डॉलर. ते रुपये नव्हेत, आणि ६८७ कोटीही नव्हेत. शून्यं मोजण्यापेक्षा कागदावर दोन ओळी करा: बिलियन गुणिले शंभर, उत्तर कोटीत.

मग आकडा कशाचा आहे ते बघा. चार वेगळ्या गोष्टी एकाच ‘विक्री’त घुसडल्या जातात:

- एका वेळी खेळणारे. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला तेव्हा स्टीमवर एकाच क्षणी २४ लाखांहून जास्त जण होते.
- विकलेल्या प्रती. त्याच गेमच्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्याचं कंपनीने सांगितलं. दोन आकड्यांतला फरक बघा, आणि कुठला तुमच्या मथळ्यात गेलाय ते तपासा.
- दुकानांना पाठवलेल्या प्रती. त्या फळीवर पडून असू शकतात.
- एकूण खेळाडू. गेम पासवरचा (ठरावीक वर्गणी भरून खेळायच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवरचा) गेम असेल तर यातल्या कित्येकांनी तो विकत घेतलेला नसतो.

किमतीसाठी गुणाकार करू नका. स्टीमवर रुपयांतल्या किमती २०१५ पासून आहेत, आणि प्रकाशक भारतासाठी वेगळी किंमत लावू शकतो. कधी ती डॉलरच्या हिशेबाहून निम्मी असते, कधी तितकीच. भारतीय खात्याने दुकानाचं पान उघडा, आकडा घ्या आणि शेजारी तारीख लिहा. सेल संपला की तुमची बातमी खोटी ठरू नये.

‘जगभर उपलब्ध’ या शब्दांत आपण असतोच असं नाही. प्लेस्टेशन ५ परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये मिळू लागला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. निंटेंडोची तर भारतात अधिकृत विक्रीच नाही. दुकानात दिसणारा स्विच बाहेरून आणलेला असतो. त्यामुळे ‘भारतात आला’ असं न लिहिता ‘आयात माल मिळतो, कंपनीची इथली वॉरंटी नाही’ असं लिहा. वाचकाचे पैसे वाचतात.

६. बातमी लिहिणं

एक उदाहरण जवळून बघू. कंपनीने कळवलं की गेमची तारीख पुढे गेली. पहिला खर्डा साधारण असा पडतो:

‘रॉकस्टारने चाहत्यांना दिला मोठा धक्का! बहुप्रतीक्षित गेमबद्दल समोर आली महत्त्वाची अपडेट, जाणून घ्या सविस्तर.’

चौदा शब्द, माहिती शून्य. आता चार प्रश्न विचारत दुरुस्त करू:

‘जीटीए ६ आता १९ नोव्हेंबर २०२६ ला. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर येणारा हा गेम रॉकस्टारने दुसऱ्यांदा पुढे ढकलला आहे. आधीची तारीख २६ मे होती. पीसी आवृत्तीची घोषणा झालेली नाही.’

कधी, कशावर, कोण म्हणालं, तिन्ही आले. रुपयांतली किंमत जाहीर झाली असेल तर चौथ्या वाक्यात, नसेल तर तिचा उल्लेखच नको. अंदाज देऊ नका. शेवटचं वाक्य बघा: जे झालेलं नाही ते सांगणं मराठी वाचकाला फार उपयोगी पडतं, कारण आपल्याकडे अनेक जण पीसीवाले आहेत आणि फॉरवर्ड त्यांनाच जास्त फसवतो.

अशी बातमी १५० ते २५० शब्दांत संपते. तिला ८०० पर्यंत ताणू नका. गेमचा इतिहास, नायकाचं नाव, मागचे भाग ही माहिती शोधयंत्राला खूश करायला घातलेली असते, हे वाचकाला कळतं.

भाषेचं म्हणाल तर खेळणारे जे बोलतात ते लिहा. पॅच, लेव्हल, बॉस, सर्व्हर, स्किन हे मराठीच झालेत. ‘कातडी’ लिहून कुणाचं भलं होणार नाही. भांडण होतं ते लिंगावरून. तो गेम, ती स्किन, ती लॉबी, तो पॅच यांवर सहसा एकमत असतं. ‘अपडेट’ मात्र तो, ती, ते असा तिन्हीकडे हिंडतो. एक ठरवा, यादीत लिहून ठेवा आणि सगळ्या बातम्यांत तेच पाळा. गेमचं नाव देवनागरीत, पण पानाच्या पत्त्यात रोमन अक्षरं ठेवा. लोक शोधताना बहुधा रोमनच टाइप करतात.

आता त्या दोन अक्षरांचं. ‘दुसऱ्यांदा’, ‘येणाऱ्या’ यांतला र टाइप करताना आधी खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. साधा र वापरलात तर ‘दुसर्यांदा’ असा रफार डोक्यावर बसतो आणि तो शब्द मराठी वाटत नाही. ‘ॲक्शन’, ‘ॲप’ मधला ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र अक्षर आहे. अ लिहून त्यावर चंद्र ठेवलात तर डोळ्यांना सारखंच दिसतं, पण शोधताना तो वेगळा शब्द ठरू शकतो. वाचक ‘ॲसेसिन’ शोधतो आणि तुमचं पान सापडत नाही, असं होतं.

टाइपासाठी, म्हणजे फॉन्टसाठी, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ मोफत आहेत. मजकुराला मुक्त, मथळ्याला बालू. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी, म्हणजे ‘एमआर’, अशी नोंदवा. ज्या टाइपांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांना ते दाखवायला ही नोंद लागते. नाहीतर हिंदी वळण दिसतं, आणि चोखंदळ वाचकाच्या डोळ्यात खुपतं.

७. चित्रं

कंपनीच्या प्रेस किटमधली (बातमीदारांसाठी ठेवलेल्या संचातली) किंवा स्वतः घेतलेली. तिसरा पर्याय नाही. दुसऱ्या साइटचा छाप कापून लावलेलं चित्र लगेच ओळखू येतं.

स्टीमवर एफ१२ दाबलं की स्क्रीनशॉट पडतो. सेटिंगमध्ये अनकंप्रेस्ड, म्हणजे फाइलचा आकार न घटवलेली, प्रत जतन करायचा पर्याय चालू करा. प्लेस्टेशन ५ कॅप्चर कार्डला (पडद्यावरचं चित्र टिपणाऱ्या उपकरणाला) जोडला आणि पडदा काळाच राहिला तर कार्ड बिघडलेलं नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय असं जाऊन एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, बंद करा. सिनेमे दाखवणारी ॲप मात्र ते पुन्हा चालू केल्याशिवाय चालत नाहीत.

शेअर होताना दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा. बाकीची चित्रं वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइलप्रकारात, प्रत्येकी २०० केबीच्या आत. वाचक कुर्ला ते सायन दरम्यान अर्ध्या सिग्नलवर वाचतोय, हे धरून चाला.

८. रिव्ह्यू कोड, एम्बार्गो आणि फुकटचा माल

रिव्ह्यू कोड म्हणजे परीक्षणासाठी कंपनीने दिलेली गेमची फुकट किल्ली. पहिले दोन-तीन महिने कोड मागू नका. दाखवायला वीसेक नीट बातम्या आणि चार परीक्षणं हवीत, तीही स्वतः विकत घेतलेल्या गेमची. मग प्रकाशकाच्या प्रेस पत्त्यावर छोटा मेल: कोण, कुठे लिहिता, महिन्याला किती वाचक (खरा आकडा, फुगवून नको), कोणतं यंत्र, आणि खातं भारतातलं आहे ही गोष्ट ठळकपणे. प्लेस्टेशनचे कोड प्रदेशाला बांधलेले असतात. हे लिहायचं राहिलं तर अमेरिकेचा कोड येतो आणि तुमच्या खात्यावर चालत नाही.

कोडसोबत एम्बार्गो येतो, म्हणजे अमुक क्षणाआधी छापायचं नाही असा करार. तो क्षण परदेशी वेळेत असतो. तिसऱ्या पायरीतला तक्ता काढा, भारतीय वेळ लिहा आणि तिच्यानंतर पाच मिनिटांनी मजकूर लावा. एकदा चुकलात की त्या यादीतून नाव कायमचं जाऊ शकतं.

अटी शेवटपर्यंत वाचा, कारण कधीकधी अटींतच बातमी असते. सायबरपंकच्या वेळी परीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली आणि स्वतःचं फुटेज दाखवायला मनाई होती. गेम बाजारात आल्यावर जुन्या कन्सोलवरची त्याची अवस्था दिसली, आणि १७ डिसेंबर २०२० ला सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तुमच्यावर अशी अट असेल तर परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा: कोणत्या यंत्रावर खेळलो, काय दाखवायची परवानगी नव्हती.

कोड फुकट मिळाला असेल तर तेही वरच सांगा. पैसे घेऊन लिहिलं असेल तर ‘जाहिरात’ हा शब्द मजकुराच्या सुरुवातीला हवा. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी चिकटवलेला चालत नाही. जाहिरात मानक परिषदेचे याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत.

आणि कर. एखाद्या कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या तर त्यावर १० टक्के कर कापण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. कन्सोल परीक्षणासाठी आला आणि परत केलात तर प्रश्न नाही. ठेवून घेतलात तर पॅन मागतील. परत केल्याची कुरिअर पावती फेकू नका.

९. मुंबईत फिरून काय मिळतं

लॅमिंग्टन रोड, कागदावर डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. परदेशी बातमीला स्थानिक वजन इथे मिळतं. ग्राफिक कार्डाची नवी पिढी जाहीर झाली की तीन दुकानांत तोच एक प्रश्न विचारा: जीएसटी बिलासह आजचा भाव काय? बिलाशिवायचा भाव छापू नका, त्याला वॉरंटी नसते. आपण लिहिणार आहोत हे आधी सांगा, आणि दुकानाचं नाव छापायचं तर परवानगी घ्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दुपारी बोलायला कुणाला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी साडेअकराला, शटर उघडून झाडलोट झालेली असते तेव्हा, गल्ल्यावरचा माणूस दहा मिनिटं मोकळा सापडतो.

गोरेगावचं नेस्को आणि बीकेसीचं जिओ वर्ल्ड सेंटर इथे मोठे मेळावे होतात. मे २०२५ मधली वेव्हज ही मनोरंजन उद्योगाची परिषद बीकेसीलाच झाली. मोठ्या मंचावरची भाषणं ऑनलाइन दिसतात, त्यासाठी रांग लावू नका. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलांवर स्वतंत्र स्टुडिओवाले आपला अर्धवट गेम घेऊन बसलेले असतात. तिथे खेळून बघा, बिल्डची (गेमच्या त्या आवृत्तीची) तारीख विचारा, आणि ‘हे छापू का’ हेही विचारा.

गेमिंग झोनमध्ये भेटणारे पुष्कळ जण अठराच्या आतले असतात. पालकांच्या होकाराशिवाय त्यांचं नाव किंवा फोटो नको.

१०. पैशाचे मेल

थोडे वाचक जमले की मेल सुरू होतात. दोन प्रकार ओळखून ठेवा.

पहिला: ‘तुमच्या साइटवर पाहुणा लेख देतो, आत एकच लिंक असेल, चांगले पैसे’. ती लिंक रमीची किंवा सट्ट्याची निघते. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, आणि त्यांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, त्यात वेगळे काढले आहेत. बातमी लिहितानाही हा फरक पाळा: बीजीएमआयची स्पर्धा आणि पैसे लावायचा खेळ यांना एकाच मथळ्यात ‘ऑनलाइन गेमिंग’ म्हणू नका.

दुसरा: ‘आमच्या नव्या गेमची बीटा (चाचणीची) आवृत्ती खेळून बघा’, सोबत झिप फाइल आणि तिचा पासवर्ड. खरे प्रकाशक स्टीमचा कोड देतात, मेलला जोडून फाइल पाठवत नाहीत. ती फाइल उघडली की ब्राउझरमधली लॉगिन चोरीला जातात आणि सकाळी तुमच्या खात्यावरून क्रिप्टोचा व्हिडिओ चालू असतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं डोमेन कंपनीच्या साइटशी अक्षरन्‌अक्षर जुळवून बघा.

११. चूक झाली तर

बातमी गुपचूप बदलू नका आणि काढूनही टाकू नका. मजकुरात दुरुस्ती करा आणि तळाशी एक ओळ द्या: ‘दुरुस्ती, अमुक तारीख, अमुक वाजता: आधी वेळ रात्री १०.३० अशी दिली होती, ती ११.३० आहे.’ मथळाच चुकला असेल तर ही ओळ वर घ्या, आणि जिथे जिथे लिंक टाकली होती तिथेही तीच टाका. स्प्रेडशीटमध्ये चुकांसाठी वेगळं पान ठेवा. दोन-तीन महिन्यांनी ते उघडून बघितलंत तर बहुतेक ओळी घड्याळाच्या निघतील, आणि त्यातल्या बऱ्याचशा मार्च नाहीतर नोव्हेंबरातल्या.